पुढून दोन बोटं वर

२ फेब्रुवारी

गाडी पुढून बसली आहे! आज टेप लावून बघितलं — मागच्यापेक्षा चांगलीच खाली. वय झालं तिचं, त्यात तो वजनदार लोखंडी बंपर मीच हौसेनं बसवलेला. लेकीच्या घराच्या चढावर, शेवटच्या वळणावर पायरीसारखा एक दगड आहे. बंपर नेमका तिथेच टेकतो.

मागे एकदा तशीच अडकले. जावई खुणा करायला खाली धावत आला, तर त्यालाच सुनावलं — "ही काय माणसांनी राहायची जागा?" आणि गाडी मागे घेतली. तो मात्र शेवटपर्यंत नीट खुणा करत राहिला. मला तेच जास्त झोंबलं.

त्यानंतर मी वर गेलेले नाही. हे जातात, दर रविवारी, पायवाटेनं. माझ्या गुडघ्याला पायवाट झेपत नाही.

आज लेकीचा फोन. "आई, बाळंतपणाची महिनाअखेरची तारीख दिलीय डॉक्टरांनी. तू हवीस गं जवळ." म्हटलं, गाडी चढत नाही, काय करू? ती म्हणाली, "हं." नुसतं हं!

५ फेब्रुवारी

ठरलं. पुढच्या स्प्रिंगा बदलून गाडी उचलायची. मग बघते तो दगड काय करतो ते.

हे म्हणाले, "कर, जरूर कर." एवढ्या पटकन? एरवी साधा बल्ब आणायचा तरी चार दिवस विचार करतात!

९ फेब्रुवारी

स्प्रिंगा आल्या. जुन्यांपेक्षा दोन बोटं उंच, आणि कडक. ह्यांनी एक दाबून बघितली. "तुझ्यासारखीच आहे." म्हणजे कशी, विचारलं, तर चहा टाकायला निघून गेले.

१२ फेब्रुवारी

चासीखाली स्टँड लावले, चाकं काढली. उजव्या शॉक अब्सॉर्बरचा खालचा नट गंजून एकजीव झालेला. तेल पाजलं, पान्याला लोंबकळले, नाही नाही ते बोलले. ढिम्म! शेवटी शेजारच्या वेल्डरनं ज्योतीनं तापवला तेव्हा सुटला. "काकू, ब्रेकच्या नळ्या सांभाळा, ॲक्सल खाली गेला की ताणतात." मी त्या आधीच मोकळ्या केल्या होत्या. पण बरं म्हटलं. चांगला आहे बिचारा.

ह्यांच्या हातात टॉर्च. नट सोडून जगभर उजेड पाडतात. "अहो, तिकडे! माझ्या डोळ्यांत नको!" मध्येच म्हणाले, "वर गेल्यावर त्याच्याशी नीट बोलशील ना?"

म्हटलं, आधी वर तर जाऊ दे.

१३ फेब्रुवारी

बसल्या! गाडी कशी मान वर करून उभी आहे. फाटकापाशी जाऊन दोनदा बघून आले.

"जरा वाकडी नाही वाटत?" — हे. खोट काढल्याशिवाय घास उतरत नाही ह्यांच्या घशाखाली.

१४ फेब्रुवारी

वाकडी आहे.

डावीकडे उंच, माझ्या बाजूला बसकी. ड्रायव्हरच्या बाजूची स्प्रिंग मुद्दाम किंचित उंच देतात, तिकडे वजन जास्त म्हणून. दोन्हींवर चिठ्ठ्या होत्या, डावी आणि उजवी. कुणी काढल्या? मीच. ग्रीस पुसताना, टापटिपीच्या नादात! इतकी वर्षं शाळेची बस चालवली, आणि डावं-उजवं चुकले.

म्हणजे पुन्हा सगळं खोला. गाडीखाली उताणी पडल्या पडल्या रडू आलं. तारखेच्या आधीच काही झालं तर? तिकडे पोर कळा देत असेल आणि मी इथे नट शोधत. भीती वाटते, खरंच.

१५ फेब्रुवारी

गुडघा सुजला. दिवसभर काही नाही. हे उगाच स्प्रिंगांभोवती घुटमळत होते. काहीतरी सांगायचं असावं असं तोंड. विचारलं, तर म्हणे, "काही नाही, शेक हवाय का?"

१६ फेब्रुवारी

या खेपेला दोन्ही स्प्रिंगा शेजारी उभ्या करून मोजल्या, मगच हात लावला. झालं! सरळ उभी आहे.

दिवे मात्र झाडांच्या शेंड्यांकडे बघायला लागले होते. भिंतीवर खूण करून खाली आणले. एक चक्कर मारली — खड्ड्यात दात वाजतात, पण चालायचंच.

पिशवी भरली. बाळाच्या दुपट्यांची घडी तीनदा मोडली. जावयासाठी काय न्यावं ते सुचेना. माफी मागायला हवी. आरशासमोर म्हणून बघितलं, भाषण केल्यासारखं वाटलं. तोंडातून निघेल तेव्हा निघेल.

१७ फेब्रुवारी

शेवटचं वळण आलं. लो गिअर टाकला — आणि दगड नाही! सपाट रस्ता, वर मुरूम ठोकून बसवलेला.

"अहो, दगड?"

"त्यानं फोडला. पोरीला दिवस गेल्याचं कळलं, त्याच आठवड्यात. घणानं. हातांना फोड आले होते."

"आणि तुम्ही दर रविवारी...? सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू दुसरं कारण काढलं असतंस. पोरीलाही मीच गप्प बसवलं. स्वतः गाडी उचलायला घेतलीस, तेव्हा म्हटलं, आता येणार."

तेवढ्यात वरून जावई धावत आला, खुणा करत, जणू दगड अजून तिथेच आहे.

"आई, जरा उजवीकडून घ्या."

घेतली.