पाय ठणठणीत आहेत

उरायासु, जपान
९ ऑक्टोबर २०१४

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. लगेच हसू नकोस, आठही अंगं शाबूत आहेत म्हणून नमस्कार पुरा घालतेय. वहिनींचा गुडघा कसा आहे? लग्नघरात त्यांना बसून राहा म्हटलं तरी त्या बसणार थोड्याच! कश्मिराने शालूचा फोटो पाठवला होता. रंग सुरेख आहे, तिला खुलून दिसेल.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुला. फोनवर तू "कशी आहेस?" म्हणालास की माझ्या तोंडून "मजेत" आपोआप निघतं. मग तू तिकिटाचं विचारतोस आणि मी कुकरच्या शिट्टीचं निमित्त करून फोन ठेवते. रोज रोज त्याच वेळी कुकर कसा होतो, हे तुला कळत नसेल असं नाही.

तुझा मेव्हणा श्याम बरा आहे. त्याचं ऑफिस आता तोयोसुला गेलंय, पण तो बराचसा घरूनच काम करतो. का, ते पुढे येईल.

एक गंमत सांगते. गेल्या महिन्यात आमच्याकडे एका संस्थेच्या बाई आल्या होत्या, मिझुनो-सान. ज्यांना एकट्याने बाहेर पडता येत नाही त्यांना ही संस्था सोबतीला माणूस देते. दवाखाना, बाजार, जायचं असेल तिथे. तशी सोबत मिळावी म्हणून घरातून अर्ज गेला होता. अर्ज माझा होता. थांब, सांगते.

तपासायला आलेली का असेना, घरी आलेली बाई! मी घर लख्ख केलं, चांगली साडी नेसले, पोहे केले. नियम म्हणून त्यांनी पाण्यालासुद्धा हात लावला नाही, ते सोड. त्यांनी विचारलं, सपाट रस्त्यावर चालता येतं? येतं. जिने चढता? चढते. काठी लागते? छे हो! तोंडी परीक्षेत पहिलं यायचं असल्यासारखी मी पटापट उत्तरं देत होते. सगळ्यात शेवटी त्यांनी विचारलं, "बाहेर पडताना मनाला त्रास होतो का?" मी म्हटलं, "होतो थोडासा." पहिल्यांदा घरी आलेल्या माणसापुढे कुणी रडगाणं गातं का? आईने तसं शिकवलंच नाही आपल्याला.

आणि मग मी त्यांना पोचवायला गेले. पाहुण्याला काय दारातूनच वाटेला लावायचं? बोलत बोलत जिना उतरले, फाटकाबाहेर पडले, कोपऱ्यापर्यंत जाऊन वाकून निरोप घेतला. त्या वळून गेल्या आणि मी तिथेच राहिले.

श्याम वर कॉलवर होता. तो शोधत आला तेव्हा मी सायकल स्टँडचा लोखंडी दांडा धरून उभी होते. आमची बाल्कनी समोर दिसत होती. वाळत घातलेले टॉवेलसुद्धा दिसत होते. पण पाऊल उचलत नव्हतं. श्यामने माझी बोटं एकेक करून सोडवली.

संस्थेचं उत्तर आलं, अर्जदार स्वतः बाहेर पडतात आणि व्यवस्थित चालतात, सोबतीची गरज दिसत नाही. मिझुनो-सानना काय दोष देऊ? मी दाखवलं ते त्यांनी पाहिलं. पण रागही आला, दादा. इतके प्रश्न पायांचे, आणि मनाचा एक, तोही निघता निघता.

२०११ च्या भूकंपात आम्ही सुखरूप आहोत असं तुला तेव्हा सांगितलं होतं, ते खरंच होतं. इथली जमीन समुद्रात भराव घालून केलेली. त्या दिवशी मी लॅबमधून चालत घरी आले, तर आमच्या रस्त्यावर जमिनीतून राखाडी चिखल वर येत होता. मी पाऊल टाकलं ते घोट्यापर्यंत आत गेलं. एवढंच झालं. साधं खरचटलंही नाही. रस्ते कधीच दुरुस्त झाले, पण तेव्हापासून एकटीने जमिनीवर भरवसा टाकता येत नाही. श्यामचा हात धरून दवाखान्यापर्यंत जाते. ट्रेनमध्ये चढवत नाही. नोकरी सोडून तीन वर्षं झाली. "प्रयोग चालू आहेत, रजा नाही" असं तुला सांगत आले ते सगळं खोटं.

डॉक्टरांनी पुन्हा तपासणी मागितली आहे. पुढच्या गुरुवारी मिझुनो-सान परत येतील. त्या परक्या बाईला सांगण्याआधी घरच्या माणसाला सांगावं, म्हणून हे पत्र. कश्मिराच्या बारशाला तिच्या कानात कुर्रर्र मी केलं. तिच्या लग्नाचं कसं लिहावं ते सुचेना, म्हणून इतका वेळ पोह्यांचं सांगत बसले. मला लग्नाला येता येणार नाही, दादा.

रागाव हवं तर. फक्त "मन घट्ट कर" असं लिहू नकोस. ते रोज करून बघते.

तुझी,
जयू

उरायासु,
२० नोव्हेंबर २०१४

ती. दादा,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. "वेडाबाई, एवढं सगळं एकटीने?" ही ओळ मी श्यामला वाचून दाखवायला गेले आणि पुढे वाचताच येईना. शेवटी त्यानेच वाचलं.

त्या गुरुवारी मी घर आवरलं नाही. घरातलाच गाऊन, सोफ्यावर कपड्यांचा ढीग. मिझुनो-सान म्हणाल्या, "आज साडी नाही नेसलात?" मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही पाहुण्या होतात." श्यामला मध्ये बोलायचं नाही अशी तंबी दिली होती. जपानी भाषेत लाजिरवाणं बोलणं एका अर्थी सोपं जातं, कारण त्या भाषेत आपल्याला कुणी लहानपणी रागावलेलं नसतं. सायकल स्टँडचं सांगितलं. चिखलाचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, मग म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून सांगाल? मागच्या वेळी मी चुकीचं विचारत होते."

सोबत मंजूर झाली, आठवड्यातून दोनदा. ओकुबो-सान येतात. फार बडबड्या आहेत, सारखं त्यांच्या मांजराचं कौतुक चालू. आज पहिल्यांदाच निघालो. वाटेत मी दोनदा परत फिरू म्हणाले. त्या "बरं" म्हणून थांबल्या, मांजराचं पुढचं सांगितलं, आणि मग मीच म्हटलं, चला.

हे पत्र पोस्टातल्या बाकावर बसून लिहितेय. अक्षर हललंय, ते तुला दिसतच असेल. बाकीचे लोक पार्सलं देताहेत, पावत्या घेताहेत, आणि मी त्यांच्यातच बसले आहे. दादा, मला किती बरं वाटतंय हे तू समोर असतास तर सांगता आलं असतं.

मांडवात कुणी विचारलं तर लॅबचं कारण देऊ नकोस. जयंती आजारी आहे, तिला भीतीचा आजार आहे, असं सरळ सांग. आईलाही सांग, पण तिच्याजवळ बसून सांग.

आणि कश्मिराला सांग, तुझी आत्या घरातून निघाली आहे. आज पोस्टापर्यंत आली. तुझ्यापर्यंत यायला वेळ लागेल, पण निघाली आहे.

पोस्टातून,
तुझी जयू