सातपट एकाग्र

२ जानेवारी, सकाळी सहा
संकल्प. यंदा विभागप्रमुख व्हायचंच. आमच्या बाई मेअखेरीस निवृत्त होताहेत आणि तत्त्वज्ञान विभागात सर्वांत ज्येष्ठ मीच. दुसरा उमेदवार म्हणजे पीपीटी. हे त्याचं खरं नाव नव्हे, पण स्लाइड लावल्याशिवाय ज्याला 'गुड मॉर्निंग'ही म्हणता येत नाही त्याला दुसरं काय म्हणायचं? मी त्याची माझ्याशी तुलना करत नाही. करण्यासारखं काही नाहीच.

मार्चमध्ये आमच्याकडे परिषद. विषय: योगदर्शनाचा आधुनिक विद्वत्तेवरील प्रभाव. बाई म्हणाल्या की तुम्ही दोघंही पेपर वाचा, त्यावरून मी वर नाव कळवते. म्हणजे माझं. दोघं म्हणायचं ते शिष्टाचार म्हणून.

त्याच दिवशी, सव्वासहा
योगावर लिहायचं तर आधी योग जगायला हवा. रोज पहाटे पद्मासन. उद्यापासून. आज फरशी गार आहे.

५ जानेवारी
फरशी अजून गार.

९ जानेवारी
युरेका! परिषदेचे प्रमुख पाहुणे परदेशातले नामवंत मानसशास्त्रज्ञ. त्यांचं पुस्तक लायब्ररीतून आणलं. (पाहुण्याला त्याचंच वाक्य ऐकवावं, माणूस खूश होतो.) मधलंच पान उघडलं तर समोर हे: 'एकाग्र चित्त विखुरलेल्या चित्ताच्या सातपट काम करते, हे आधुनिक विद्वानांनी सिद्ध केले आहे.'

खुर्चीतून उठलोच. अगदी माझ्या मनातलं वाक्य! शब्दन् शब्द! सात समुद्रांपलीकडे बसलेला माणूस आणि मी, ना ओळख ना देख, पण विचार एकच. सिद्धपुरुषांच्या बाबतीत असं होतं म्हणतात. मला याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही.

पेपरचा पाया मिळाला. आता फक्त पेपर लिहायचा.

१२ जानेवारी
पद्मासन. उजवा पाय बसला. डावा बसवला. उठताना दोन्ही आपले वाटेनात.

बायको फिजिओथेरपिस्ट आहे, पुढच्या खोलीत तिचं क्लिनिक. ती म्हणाली की या गुडघ्यांनी मांडी घातलीत तरी पुष्कळ झालं, ध्यानच करायचं तर खुर्चीत बसा. तिला पुस्तकातलं ते पान दाखवलं. आधुनिक विज्ञान आहे, म्हटलं. ती म्हणाली, गुडघ्याला वाचता येत नाही. घरोघरी मातीच्या चुली. संशोधकाच्या घरी तर चूलही थंडच.

२० जानेवारी
ध्यान चालू आहे. मन थोडं भटकतं. भटकून भटकून बाईंच्या केबिनमधल्या फिरत्या खुर्चीवर जातं. म्हणजे एकाच जागी जातं. यालाच एकाग्रता म्हणतात.

पेपर: शीर्षक झालं. बाकी घाई नाही. इतरांना दोन महिने लागतात, मला त्याचा सातवा हिस्सा पुरे. हे माझं मत नव्हे, गणित आहे.

२७ जानेवारी
पीपीटी आला होता. जुन्या वार्षिकांकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते, ती मागितली. त्यालाही परिषदेत वाक्यं कुठून कुठे प्रवास करतात असलं काहीतरी वाचायचंय म्हणे. दिली किल्ली. वरचा गठ्ठा काढायला हातही लावला. ज्याला रद्दीत रमायचंय त्याला रमू द्यावं. अपरिग्रह.

जाताना म्हणाला की सर, तुमच्या पेपरचे संदर्भ तपासून देऊ का? नको म्हटलं. जगाने मान्य केलेली गोष्ट तपासायची म्हणजे जगावर अविश्वास. योगात श्रद्धेला फार महत्त्व आहे, हे त्याला सांगितलं. त्याने तेही लिहून घेतलं. हा काय विभाग चालवणार!

६ फेब्रुवारी
पहिल्या वर्षाच्या वर्गात ते सुवर्णवाक्य फळ्यावर लिहून दिलं. सगळ्यांनी उतरवून घेतलं. पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने विचारलं, सर, कोणते विद्वान? हे परीक्षेत येणार नाही, असं सांगून विषय संपवला. आजकालच्या मुलांना मूळ मुद्दा सोडून फांद्यांवर उड्या मारायची सवय.

१५ फेब्रुवारी, दुपारी
झोप हीसुद्धा चित्ताची एक वृत्ती आहे, असं शास्त्रच सांगतं. तिचा अभ्यास केला. तीन ते साडेपाच.

२४ फेब्रुवारी
गुडघा सुजला. जिना चढताना कठड्याला धरून थांबलो होतो, बाई मागून आल्या. पेपर कुठवर आला विचारलं. जवळजवळ झालाच म्हटलं. (शीर्षक बदललंय. आधीचं उथळ होतं.) बाई म्हणाल्या की मला तुमचंच नाव द्यायला आवडेल, फक्त या वेळी जरा नीट करा.

'जरा नीट'! मनाला लागलं. खरं तर फारच लागलं. इतकी वर्षं या विभागात घासली, आणि अजून मला सांगावं लागतं? दाखवतोच आता.

८ मार्च
दाखवायला सुरुवात. सहा पानं झाली. त्यांत सुवर्णवाक्य पाच वेळा आलं. पायाचा दगड आहे, दिसायलाच हवा.

१३ मार्च
परिषद उद्या. नवा कोट. बायकोने गुडघ्याला पट्टा बांधून दिला. व्यासपीठावर लंगडू नका, म्हणाली. ती मनातून खूश आहे, कळू देत नाही इतकंच.

१४ मार्च, दुपारी एक
माझं झालं! टाळ्या. सुवर्णवाक्य पाहुण्यांकडे हात करून वाचलं. पाहुणे गोड हसले. प्रश्नोत्तरांत म्हणाले की ते वाक्य त्यांनी दुसऱ्या एका ग्रंथातून घेतलंय, पण नेमकं सातपट कोणी मोजलं हे त्यांना कधी कळलं नाही, तर मला ठाऊक आहे का? मी म्हटलं, हे अनुभवाने कळतं. सभागृहात शांतता पसरली. खोल परिणाम झाला असावा.

जेवणानंतर पीपीटी. घोडामैदान जवळच आहे.

१४ मार्च, संध्याकाळी
काहीही लिहायची इच्छा नाही.

१४ मार्च, जरा वेळाने
लिहितो. पीपीटीने एकच वाक्य घेतलं. ते! पहिली स्लाइड: पाहुण्यांचं पुस्तक. बाण. त्यांनी ज्यातून घेतलं तो ग्रंथ. बाण. त्या ग्रंथाने ज्यातून घेतलं तो एका परिषदेचा अहवाल. बाण. शेवटच्या स्लाइडवर आमच्याच विभागाचा जुना वार्षिकांक. पिवळं पान, आणि तळाला कोपऱ्यात ते वाक्य.

पीपीटीचा चेहरा आनंदाने फुललेला. म्हणाला की हे जगप्रसिद्ध वाक्य आपल्या विभागातून गेलंय, आपल्याला अभिमान वाटायला हवा, फक्त लेखकाचं नाव छापलेलं नाही. त्यात काडीचाही कावा नव्हता, हेच जास्त वाईट. बाईंनी चष्मा वर केला, साल बघितलं, आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या की त्या वर्षी संपादक तुम्हीच होता ना?

होतो. तेव्हा नुकताच लागलो होतो. पान भरायला चार ओळी कमी पडत होत्या. प्रेसवाला दारात उभा. चार ओळी लिहिल्या. कोणते आधुनिक विद्वान? त्या वेळी खोलीत मी एकटाच होतो.

पाहुणे उठून आले, माझा हात हातात घेतला आणि अगदी मनापासून विचारलं की सातच का? सहा कमी वाटले, असं तोंडातून निघून गेलं. सभागृह इतकं हसलं की माइक शिट्टी मारू लागला. आपलेच दात, आपलेच ओठ.

१५ मार्च
विचारांती: प्रभाव तर सिद्ध झालाच! योगदर्शनाचा आधुनिक विद्वत्तेवर जो काही प्रभाव आहे, तो माझ्यामार्फत आहे. हे बाईंना फोन करून सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, गुडघ्याची काळजी घ्या.

बायकोला सगळं सांगितलं. ती बर्फाची पिशवी धरून बसली होती. म्हणजे तुमचा गुडघा तुम्हीच मोडलात, म्हणाली, आणि तोही संदर्भासहित. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पिशवी तिने खाली ठेवली नाही. मलाही हसू आलं असतं. गुडघा दुखत होता.

२ जून
पीपीटी विभागप्रमुख. केबिनमध्ये बोलावलं. फिरत्या खुर्चीवर संकोचून बसला होता, टेकतही नव्हता. म्हणाला की सर, तुमच्या अनुभवाचा विभागाला उपयोग व्हावा. उपयोग असा: विद्यार्थ्यांच्या निबंधांतले संदर्भ तपासायचे. कशाखाली आधार नसेल तिथे लाल शाईने 'कोण?' लिहून परत द्यायचं.

महत्त्वाची जबाबदारी आहे. सर्वांत विश्वासू माणसाकडेच देतात.

११ जून
पहिला निबंध. चष्मेवालीचा. पहिलंच वाक्य: 'एकाग्र चित्त विखुरलेल्या चित्ताच्या सातपट काम करते.' लाल शाईने रेघ मारली. 'कोण?' लिहिलं. परत दिला.

१२ जून
निबंध परत आला. माझ्या 'कोण?'खाली तिने सुवाच्य अक्षरात लिहिलंय: 'सर, तुम्ही. पहिलं वर्ष, ६ फेब्रुवारी, फळ्यावर.'

पूर्ण मार्क द्यावे लागले. संदर्भ बरोबर होता.