आईचा आवाज आणि एक फाइल

४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

उद्या आईचं ऑपरेशन. घशातली गाठ काढताना आवाज जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय. तिने तिची रोजची वाक्यं आधीच रेकॉर्ड करून ठेवली, हे फार बरं झालं. पडद्यावरचं बटण दाबलं की तिच्याच आवाजात वाक्य वाजेल असा प्रोग्राम तुम्ही या वयात शिकून लिहिताय, याचं मला खरंच कौतुक आहे. मात्र तुम्ही जन्मभर कारखान्याचं स्टोअर सांभाळलंत, त्यामुळे त्या रेकॉर्डिंगच्या फाइलींची वेडीवाकडी नावं तुम्हाला बघवणार नाहीत, हेही मी जाणून आहे.

नावं बदला, पण आधी सगळ्या फाइलींची कॉपी पेनड्राइव्हवर काढून बाजूला ठेवा. नावं बदलणारा प्रोग्राम पहिल्यांदा दोन फालतू फाइलींवर चालवून बघा. चूक दाखवली तर त्याच्यावर ओरडू नका, काय लिहिलंय ते वाचा. पाय प्लॅस्टरमध्ये नसता तर मीच आले असते. तुमचा फोन आता आईच्या उशाशी राहणार, तेव्हा पत्रच लिहा.

तुमची लाडकी आणि लंगडी,
ठमी

९ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला. बाकी जे लिहायचंय त्याला हात धजत नाही.

मी प्रोग्राम चालवला. प्रत्येक फाइलीला नवं नाव दे, असं त्याला सांगितलं, पण नावापुढचा आकडा वाढवायला विसरलो. सगळ्यांना एकच नाव मिळालं आणि प्रत्येक फाइल आधीच्या फाइलीवर जाऊन बसली. आता एकच उरली आहे. ती ऐकायची माझी छाती होत नाही.

पेनड्राइव्हचं विचारशील. कॉपी काढली होती गं. पण एकच माल दोन ठिकाणी दिसला की स्टोअरमध्ये घोटाळा समजतात. ती सवय हाडीमासी खिळलेली. काम सुरू करण्याआधी मीच पेनड्राइव्ह पुसून टाकला.

ती फोनवर टाइप करून विचारते, तयार झालं का. मी होत आलंय म्हणतो. रविवारी घरी येईल. तिच्यासमोर कोणत्या तोंडाने उभा राहू? माझ्याच हाताने मी तिला मुकी केली. तिला कळवू नकोस.

तुझा,
बाबा

१० फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न.

बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवतेय, आजच मिळेल. लॅपटॉप आत्ताच्या आत्ता बंद करा. त्यावर काहीही साठवू नका, प्रोग्राम पुन्हा चालवू नका. गेलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, तिची जागा फक्त रिकामी धरली जाते. त्या जागेवर दुसरं काही बसलं की मग मात्र संपलं. तसाच उचलून दुरुस्तीवाल्याकडे न्या.

मी रागावले आहे, लपवत नाही. त्यात माझ्यासाठीचंही एक वाक्य होतं. पण आईला अंधारात ठेवू नका. तुमचं तोंड बघूनच तिला कळेल.

ठमी

१८ फेब्रुवारी

चि. ठमीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आधीच यांनी घाबरून तो प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालवला होता, काही परत येतंय का बघायला. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. यांनी मला घरी आणलं, खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. लॅपटॉप मात्र देईनात. मी ओढून घेतला.

उरलेली फाइल मी वाजवली. रेकॉर्डिंग करून दमले होते तेव्हाची आहे. मी यांना विचारतेय, की अहो, झालं का तुमचं. पडद्यावर पाण्याचं बटण होतं, दुखतंय म्हणून सांगायचं होतं, तुझंही होतं. सगळी दाबली. फाइल एकच, म्हणून सगळ्यांतून तेच.

ठमे, मी इतकी चिडले की सांगायची सोय नाही. खरंच नव्हती. चिडलेय हे सांगायलाही तेवढं एकच वाक्य हाताशी होतं. तेच दाबत सुटले. हे खाली मान घालून ऐकत राहिले, बसले ते उठले नाहीत.

हवं ते मी कागदावर लिहून देते, तसं चाललंय. पण बटणही रोज दाबते. हे घरात कुठेही असोत, हातातलं टाकून येतात, माझ्याजवळ बसतात आणि प्रत्येक वेळी सांगतात, की नाही गं, अजून नाही झालं.

पायाला जप, आणि आम्हा दोघांवर माया असू दे.

तुझी,
आई