गुडघ्याच्या पैशांवर टॅक्स

मंगळवार, संध्याकाळ. गिरावीन, सिडनी.

डोकं नुसतं तापलंय. ट्रेनिंगमध्ये निखिलचा गुडघा कायमचा गेला, इथल्या आर्मीने त्याला घरी पाठवलं आणि दुखापतीचे जे पैसे दिले, त्यातूनही टॅक्स कापला. पगार आहे का तो? तो टॅक्स परत मागायला त्याने आज टॅक्स ऑफिसला फोन केला, तर पलीकडचा म्हणतो, "दुखापत नोकरीतच झाली याचा पुरावा पाठव, मेट. नो वरीज." पुरावा? आर्मीनेच त्याला त्या गुडघ्यापायी काढलं ना? आणि हा माझा नवरा, जुन्या सवयीने, फोन संपेपर्यंत ताठ उभा. त्या गुडघ्यावर! वर "थँक यू, सर."

मी म्हटलं, "अरे, बस ना."

"ऑफिसशी बोलताना बसवत नाही गं."

उद्या फोन मी करणार. सोफ्यावर पाय पसरून.