हेडसिस्टरांचा तास

ती. आईस धाकटीचा वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. खोली उबदार आहे, जेवणही वेळेवर होतं.

तू विचारलंस, "तुमचा तो डेटाबेस फुकट मिळतो, मग तुला पगार कशाचा?" अगं, प्रोग्राम फुकट, पण तो शिकवायला आणि अडलं की धावून जायला माणूस लागतं. ते माणूस मी.

परवा वर्गात एका दवाखान्याच्या हेडसिस्टर होत्या. लॅपटॉपवर सरावाची आणि दवाखान्याची, दोन्ही खिडक्या उघड्या. चुकून त्यांनी दवाखान्यातली औषधांची खरी माहितीच पुसून टाकली. चेहरा पांढराफटक पडला बाईंचा. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. त्या माहितीची सकाळी काढून ठेवलेली प्रत होती, ती परत चढवली. नंतरच्या नोंदी वॉर्डात फोन करून दोघींनी पुन्हा भरल्या. कुणाचंही औषध चुकलं नाही.

"उद्या मी येत नाही. लोक हसतील," त्या म्हणाल्या.

"उद्याचा पहिला तास तुम्हीच घ्यायचा," मी म्हटलं.

आल्या की गं! कुठे फसल्या ते फळ्यावर लिहून दाखवलं. हसलं कुणीच नाही. उलट एकेक जण आपापला घोळ सांगायला लागला.

बाबांचा खोकला कसा आहे? तू "बरा आहे" म्हणतेस, पण फोनवर मागून मला तो ऐकू येतो. मला खरं काय ते सांगत जा, आई. कळलं तरच काही करता येतं.

दोघंही स्वतःला जपा.

तुझी,
धाकटी