कोपरावरचा डाग

पॅरिस, ४ मार्च १८९२

ती. ओदीलताईस,
गास्पारचा सा. न. वि. वि.

काल छापयंत्रावरून तो ओला कागद उचलला आणि त्या क्षणी माझं डोकंच फिरलं. ज्यांच्या धूसर रंगांना एके काळी लोक हसले, ते म्हातारे चित्रकार मस्य दोर्वाल आता नजर अधू झाल्यावर न्हाणाऱ्या बायका खडूने काढतात आणि आमच्या छापखान्यात दगडावरून छापून घेतात. कालची बाई पाठमोरी, मान पुसणारी. चेहरा नाहीच. पण उजव्या कोपराच्या वर इस्त्रीच्या टोकाएवढा डाग आहे. दगडावरचं छापताना उलटं होतं, म्हणजे बाईचा खरा डाग डावीकडे. माझ्या नोएमीचा डागही तिथेच आहे, दुकानात कपड्यांना इस्त्री करताना भाजलेला. हल्ली गुरुवारी ती भेटत नाही, दुकानात कपड्यांचे ढीग पडलेत म्हणते. मस्यंकडे मॉडेल गुरुवारीच येते.

ईस्टरला कुणाशी लग्न करतोय मी?

तुझ्या मायेला पारखा न होवो,
गास्पार

दिजाँ, ७ मार्च

चि. गास्पार यास अ. उ. आ.

कॉलेजात दोन पोरं हसली, ती तुलाच हसली असं धरून तू बाहेर पडलास आणि कायद्याचं शिक्षण तिथेच राहिलं. आता डागावरून लग्न सोडतोस? इस्त्री करणारी न भाजलेली एक तरी पोर दाखव मला. तुझे भावजी म्हणाले, पाठीवरून बायको ओळखणारा हा पहिलाच. तिला काही बोलू नकोस. मी तुमच्या लग्नासाठी पलंगपोसाची किनार विणायला घेतली आहे.

पोटाला नीट खा, रागाला उपाशी ठेव.
तुझी ओदीलताई

पॅरिस, ११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तोवर मी बोलून बसलो होतो. नाही नाही ते बोललो. नोएमी इस्त्री फिरवत राहिली.

आज मस्यंनी नवं चित्र थेट दगडावर न काढता कागदावर काढून धाडलं. तो कागद मीच दगडावर दाबला. चित्र दगडावर उलटं उमटलं आणि छापल्यावर पुन्हा सुलटं झालं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. विचारलं तर ती पाठमोरी बाईही अशीच कागदावरून आली होती. म्हणजे तिचा डाग खरोखरच उजवीकडे. ती नोएमी नव्हे.

धावत तिच्या खोलीवर गेलो, सगळं सांगितलं, माफी मागितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आज डाग उजवीकडे निघाला म्हणून मी चांगली. उद्या डावीकडे निघाला तर?"

आणि ताई, तुझ्यापासून काय लपवू, तेवढ्यातही मनात आलं, की गुरुवारी कुठे असते ते हिने अजून सांगितलेलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. जाताना दार ओढून घे, गार वारा येतो, एवढंच म्हणाली.

मी बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.

किनार विणू नकोस.
गास्पार