बाची मेढ

१९ एप्रिल १९९८

बा पुन्हा पळाला! भर दुपारी, अनवाणी. पाड्याच्या रस्त्यावर जीपवाल्याला सापडला म्हणून वाचला. तळपायाला फोड आलेत. तेल लावत होतो तर म्हणाला, “माला घरी जायचा.”

आई गेल्यावर त्याला मोखाड्याला भाड्याच्या खोलीत आणलं, तेव्हापासून हेच. नीता त्याची सून, पण तिलाही कधी ओळखतो, कधी नाही. जव्हारच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, औषध नाही. ओळखीच्या जागी ठेवा, तेवढंच त्यांना धरून ठेवील.

ओळखीची जागा म्हणजे पाड्यावरचं घर. ते तर बसत चाललंय.

३ मे

जाऊन पाहिलं. कौलं घसरलीत, मागची कारवीच्या कुडाची भिंत आडवी, वाळवी खालपासून वरपर्यंत. तरी मेच्या सुट्टीत उरकतो असं नीताला सांगून बसलोय. मला अक्कल कधी येणार?

२१ जून

काहीही उरकलं नाही. पाऊस आला. वर प्लास्टिक टाकून आलो.

१४ नोव्हेंबर १९९९

बदली वावर गावाकडच्या शाळेत. आता हाताशी फक्त रविवार. नीताची अंगणवाडी, माझी शाळा — या आठवड्यापासून बाला बाहेरून कडी घालून जातो. लिहायचीही लाज वाटते. शेजारच्या माघीबाई सांगत होत्या, तो दार वाजवत नाही. दाराशी बसून राहतो. वाजवलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

२० फेब्रुवारी २०००

लाडक्या सुतार आला. माझ्यापेक्षा जास्त वेळ त्याने मेढीला दिला. मेढ म्हणजे घराच्या मधोमधचा दुबेळक्याचा, वर दोन फाटे असलेला खांब. आजोबांनी उभा केलेला, चुलीच्या धुराने काळा. दरवर्षी नव्या भाताची कणसं तिलाच बांधायचो. एका बाजूला बा पाठ टेकून बसायचा, तिथे लाकूड गुळगुळीत झालंय, किंचित खोलगटसुद्धा.

लाडक्याने विळा टोचून पाहिलं. म्हणाला, “पायच खाल्लाय, गुरजी. हातभर कापू, खाली दगड बसवू. हिला काढू नको. सगला घर हिच्यावर हाय.”

पण त्यासाठी सगळं छप्पर उचलून धरावं लागणार. पंधरा माणसं. म्हणजे गाव बोलवायचं, घरोघर जाऊन हात जोडायचे, मग सगळ्यांच्या पंगतीला बसायचं. गेली दहा वर्षं मी कुणाच्या छपराला हात लावला नाही, दरवेळी शाळा पुढे केली. आता कोणत्या तोंडाने बोलावू?

२२ ऑक्टोबर २०००

जव्हारचा गवंडी म्हणतो, डागडुजी कसली करता, विटा घ्या, पिलर घ्या, वर पत्रा. गावात कुणाचे पाय धरायला नकोत. हो म्हणून टाकलं. सुटलो.

२९ ऑक्टोबर

तीन दिवसांत घर जमिनीवर. मेढ अंगणात आडवी पडली होती. ओहोळापलीकडचा गोमा बराच वेळ कुंपणाशी उभा होता. त्याला जमीन नाही, दिवाळी झाली की बायको गोदीला घेऊन वीटभट्टीवर जातो. बाच्या वेळेपासून आमच्याकडे मजुरी करतो, पण आमच्या ओट्यावर कधी चढला नाही. आम्हीही त्यांच्याकडचं पाणी घेत नाही. का, ते कुणी विचारत नाही.

“टाकून देताव तर मी नेऊ का?” म्हणाला. मेढ नेली, जुनं दार नेलं, कुडाच्या चांगल्या काठ्याही नेल्या. बरं झालं, अंगण मोकळं झालं.

९ ऑगस्ट २००१

पश्चिमेची भिंत खचली. पावसात उभा राहून रडलो. कुणी पाहिलं नाही एवढं नशीब.

१५ डिसेंबर २००२

भिंत पुन्हा उभी केली, आता फरशी. बा आठवड्यात चार शब्द बोलतो. त्यातले तीन, “घर झाला का?” नीता आज भांडणात म्हणाली, हे तुम्ही बाबांसाठी बांधताय की गावाला दाखवायला? ताट सरकवून उठलो.

१ जून २००३

पाच वर्षं! शेवटी आज बाला घेऊन आलो. हिरवा ऑइलपेंट, गुळगुळीत फरशी, पंखा. गावातली चार माणसं आली, चहा पिऊन गेली. लाडक्या आला नाही.

बा फरशीवर बसला. मागे हात नेऊन काहीतरी चाचपत होता. भिंतीला टेकवला तर पुढे सरकला. संध्याकाळपर्यंत तसाच, पाठ अधांतरी. मग माझी बाही ओढून हळूच विचारलं, “आता घरी जाव ना?”

मी ओरडलो. हेच घर आहे, हेच! हात उगारला त्याच्यावर. नीता मध्ये आली. मारलं नाही. पण उगारला होता, हे खोटं नाही. बा हात डोक्यावर घेऊन बसला, परक्याच्या दारात बसावं तसा.

संपलो मी. याला आता कुठे नेऊ?

३ जून

सकाळी बा अंथरुणात नाही. विहीर पाहिली. नदीचा डोह पाहिला. मग ओहोळापलीकडून गोदी हाक मारत आली.

गोमाचं झोपडं. त्याला आमचंच जुनं दार. आत मधोमध मेढ, पाय कापून दगडावर बसवलेली, लाडक्या म्हणाला होता तशीच. भट्टीवरून आलेल्या माणसांनी मिळून उभी केली म्हणे. त्याच खोलगट जागेला पाठ लावून बा बसला होता. पाय पसरून, गोदीच्या हातची नाचणीची भाकरी खात. असा सैल बसलेला बा मी पाच वर्षांत पाहिला नव्हता.

मी दारात उभा. बाने मान वर केली, मला नीट पाहिलं, आणि गोमाला म्हणाला, “गुरजी आलं हाईत. पानी दे. लांबशी आलं असतील.”

गोमाने माझ्याकडे पाहिलं. तांब्या उचलावा की नाही, त्याला कळेना.

मी खाली बसलो. हात पुढे केला. पाणी प्यालो.